ड्रेनमधून निळं पेट्रोल आलं, म्हणून टाकी चांगली ठरत नाही

पुण्यात फ्लाइंग शिकणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. जुन्या सेसना-पायपरच्या, म्हणजे शिकाऊंच्या छोट्या विमानांच्या, टाक्या उघडून बघायची गरज नाही, असं त्यात ठासून सांगितलंय. टाकी भरून ठेवा, पाणी होणार नाही. सकाळी ड्रेन करा, म्हणजे टाकीच्या तळाच्या झडपेतून थोडं पेट्रोल काढून बघा, निळं आलं की झालं. पंखाचा पत्रा जोडणाऱ्या रिव्हेटभोवतीचे पेट्रोलचे डाग जुन्या विमानाला असतातच. फारच झालं तर बाहेरून एम-सील लावा. बारामतीच्या धावपट्टीवरून पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, करणारी पोरं हे खरं धरून चालतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टाकी भरलेली असली की पाणी होत नाही, यात थोडं तथ्य आहे, पण पाण्याची मुख्य वाटच त्यात सुटलीय. हिशोब करून बघा. सेसना १५२ची एका पंखातली टाकी साधारण ५० लीटरची. ती रिकामी आहे, आतली हवा ३० अंशांना पूर्ण दमट आहे आणि रात्री पारा २०वर आला असं धरलं, तरी घनमीटरमागे १३ ग्रॅम या हिशोबाने पाऊण ग्रॅमही पाणी सुटत नाही. म्हणजे दहा-पंधरा थेंब. रोज घडलं तर साचतं, मान्य. पण फिलर कॅपची, म्हणजे पेट्रोल भरायच्या झाकणाची, रबरी रिंग कडक होऊन चिरली असेल, तर वळवाच्या एका सरीत पाणी सरळ आत उतरतं आणि पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी जाऊन बसतं. पंखाच्या पत्र्यात खोल बसणाऱ्या कॅपभोवती तर पाणी साचूनच राहतं. तेव्हा मे महिन्यातच दोन्ही कॅपच्या रिंगा काढून, वाकवून बघा. बारीक भेग दिसली तरी बदलून घ्या.

टाकी भरून ठेवण्याचा खरा फायदा रबरी ब्लॅडर, म्हणजे पंखात बसवलेली पेट्रोलची पिशवी, असलेल्या विमानांना होतो. ब्लॅडर फार दिवस कोरडं राहिलं की रबर आखडतं आणि तडकतं. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

निळं पेट्रोल आलं की झालं, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. १००एलएल, म्हणजे या विमानांचं पेट्रोल, निळं असतं, पाणी बिनरंगी. दोन्ही एकत्र आले तर मधली रेष दिसते. पण सॅम्पलरमध्ये, म्हणजे ड्रेनखाली धरायच्या पारदर्शक कपात, नुसतंच पाणी आलं, तर रेष कुठून दिसणार? मागे निळं आभाळ असेल तर ते पाणीही निळसर भासतं. म्हणून सॅम्पलर पांढऱ्या कागदासमोर धरा आणि वास घ्या. शंका आली तर त्यात पाण्याचे दोन थेंब टाका. पेट्रोल असेल तर ते सरळ तळाला जाऊन वेगळे दिसतील, पाणी असेल तर दिसेनासे होतील.

शिवाय ड्रेनपर्यंत पाणी पोचलं तरच ते सॅम्पलमध्ये येणार. ब्लॅडरच्या तळाला सुरकुती पडली की तिच्यामागे पाणी अडून राहतं. जमिनीवर ते हलत नाही. टेकऑफला नाक वर गेलं की सुटतं आणि इंजिनाकडे जातं. याच कारणाने अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने १९८४ साली सेसनाच्या ब्लॅडरवाल्या मॉडेल्ससाठी सक्तीचा आदेश काढला आणि त्यात या सुरकुत्या तपासायला लावल्या. शेपूट खाली दाबून, पंख हलवून पुन्हा ड्रेन करण्याची पद्धत त्या आदेशातलीच. नंतरच्या सेसना १७२एसला कंपनीने १३ ड्रेन दिले. जुन्या १७२ला दर पंखाला एकेक आणि इंजिनाजवळचा गाळणीचा, एवढेच. त्या थोड्या ड्रेनवर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

व्हेंटबद्दल, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या नळीबद्दल, मेसेजमध्ये अवाक्षर नाही. कुंभारीण माशीला अशी नळी घरट्यासाठी फार आवडते. व्हेंट मातीने बुजलं की पेट्रोल जातं तसा टाकीत निर्वात तयार होतो, ब्लॅडरचा तळ वर ओढला जातो, त्याबरोबर गेजला पातळी कळवणारा फ्लोटही उचलला जातो आणि गेज भरलेली टाकी दाखवत असतानाच इंजिन बंद पडू शकतं. उभ्या विमानाच्या व्हेंटला झाकण लावा, पण लाल फीत बांधून, म्हणजे काढायचं राहणार नाही.

आता डाग. उन्हात उभ्या भरलेल्या टाकीतलं पेट्रोल फुगतं आणि १५ अंशांच्या फरकाने पाऊण लीटरभर व्हेंटमधून गळू शकतं. त्याखाली निळा ओघळ दिसला तर घाबरू नका. रिव्हेटच्या ओळीतला किंवा पंखाच्या मुळाशी, केबिनजवळ आलेला डाग मात्र वेगळा. ती जागा पुसून कोरडी करा आणि ३० मिनिटांनी ओल किती पसरली ते बघा. गळतीची प्रत याच मोजमापाने ठरते आणि उडायचं की नाही हेही मॅन्युअलमध्ये त्यावरच लिहिलेलं असतं. विमानात पेट्रोलचा वास आला तर मोजत बसू नका, विमान उभं करा.

बाहेरून एम-सील लावून गळती थांबत नाही. पेट्रोल आतून शिवणीत शिरलेलं असतं, ते दुसरीकडून बाहेर पडतं आणि मूळ जागा सापडणं अवघड होतं. खरी दुरुस्ती आतून होते: जुनं सीलंट खरवडून, सफाई करून, पॉलिसल्फाइड या सीलंटचा नवा थर देऊन. हे काम लायसन्सधारक इंजिनिअरचंच आहे, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा लवकर पेटते. विद्यार्थ्याच्या हातात एक गोष्ट आहे: डाग दिसला की स्नॅग, म्हणजे विमानातला दोष, म्हणून नोंदवा, कोणत्या पंखाला, कोणत्या रिव्हेटजवळ, तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं, हे सगळं लिहून.