'पडलो म्हणून सांगा' हा सल्ला ऐकू नका

सध्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय: मारहाणीत लागलं असेल तर दवाखान्यात 'पडलो' म्हणून सांगा, खरं सांगितलं की एमएलसी (मेडिको-लीगल केस) होते, पोलीस येईपर्यंत कोणी हात लावत नाही आणि आपोआप गुन्हा दाखल होतो.

पोलीस येईपर्यंत उपचार थांबतात, हे साफ चूक. सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सांगितलं: आधी जीव, मग कागद. डॉक्टर सरकारी असो वा खासगी. बलात्कार किंवा अ‍ॅसिडहल्ल्यातल्या जखमीला मोफत उपचार नाकारले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

एमएलसी म्हणजे गुन्हा नव्हे. ती दवाखान्याची नोंद. डॉक्टर पोलीस ठाण्याला लेखी कळवतो आणि पोच घेतो. दखलपात्र गुन्हा दिसला तर पोलीस तो स्वतःहून नोंदवू शकतात, हे खरं.

'पडलो' म्हटल्याने काही बिघडत नाही? घात इथेच होतो. गळा आवळला असेल तर बाहेर वळ नसतानाही मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते, सूज काही तासांनी वाढू शकते. घोगरा आवाज, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके यांकडे डॉक्टरचं लक्ष जायला गळा दाबल्याचं त्याला कळलं पाहिजे. नाहीतर मनगटाचा एक्स-रे काढून तो रुग्णाला घरी पाठवेल. शिवाय पहिल्या केसपेपरवर 'पडल्यामुळे' असं लिहिलं गेलं की पुढे कोर्टात आरोपीचा वकील नेमका तोच शब्द धरतो.

डॉक्टरनेही 'अंगावर जखमा' असं मोघम लिहू नये. प्रत्येक जखमेचा प्रकार, सेंटीमीटरमध्ये माप, ठरावीक हाडापासूनचं अंतर, रंग आणि तपासणीची वेळ हवी. कपडे कापताना कात्री वाराच्या भोकातून घालू नये. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात सील करावेत. प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते, डीएनए खराब होतो.

लैंगिक अत्याचाराची तपासणी सज्ञान स्त्रीच्या संमतीशिवाय होत नाही. तिचा नकार लेखी घ्यायचा, उपचार द्यायचेच. 18 वर्षांखालच्या मुलांबाबत मात्र पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. पण त्या मुलाची तपासणीही एफआयआरसाठी अडवता येत नाही. त्याच कायद्याचं कलम 27 तसं स्पष्ट सांगतं.