सोलर बसवताय? आधी जरा बसून घ्या

सोलर बसवायचं म्हणताय? बसवा की. देशाला तुमची गरज आहे. मला परवाच मोबाईलवर मेसेज आला, मोफत विजेचा लाभ घ्या, आजच नोंदणी करा, आणि नेमकं त्याच दिवशी आमचं लाईट बिल पण आलं, पूर्णच्या पूर्ण, एक युनिट वजा नाही. डोक्यावर पॅनल मात्र हापूसच्या दिवसांपासून ऊन खात पडलेत. मध्ये गणपती येऊन गेले, नवरात्र गेलं. तर म्हटलं आपला अनुभव वाया कशाला घालवा, आमच्या नाशकात इंदिरानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सध्या घरोघर कोटेशनं फिरतायत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी लाईट बिल हातात घ्या आणि त्यावर नाव कुणाचं आहे ते बघा. बिल्डरचं असेल, वारलेल्या आजोबांचं असेल, किंवा तुमचंच असेल पण आधार कार्डापेक्षा एक अक्षर इकडेतिकडे असेल, तर पर्यावरण वगैरे सध्या बाजूला ठेवा आणि वारसाचे कागद गोळा करायला लागा.

कोटेशन घेऊन येणारा मुलगा "काका, बिल झिरो" असं म्हणेल. मान डोलवा आणि लिहून मागा. चहा अर्धवट ठेवून जाईल.

किती किलोवॅटचं घ्यायचं? 3 चं घ्या. केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 सबसिडी मिळते, 3 ला 78,000, आणि त्याच्या पुढे कितीही लावा, 78,000 च. एका किलोवॅटला महिन्याला 100 ते 120 युनिट धरून चाला, पावसाळ्यात कमी. हिशोब अगदी छान बसतो, कागदावर. फक्त एवढं लक्षात ठेवा की सबसिडी सगळ्यात शेवटी येते, मीटर लागून, तपासणी होऊन, पोर्टलवर सगळं हिरवं झाल्यावर. कर्जाचा हप्ता असली कशाचीच वाट बघत नाही.

सोसायटीत राहत असाल तर मीटिंग घ्या आणि समोसे आपल्या खर्चाने आणा. तिथे तुम्हाला कळेल की पॅनलमधून रेडिएशन येतं, पॅनलमुळे स्लॅब गळतो, पॅनलमुळे कुरडया वाळत घालायला जागा उरत नाही आणि मुळात ही सगळी टॉप फ्लोअरवाल्यांची गच्ची हडपायची आयडिया आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या मोटरसाठी सोसायटीला सुद्धा किलोवॅटमागे 18,000 मिळतात हे तुम्ही सांगायला जाल तेव्हा सेक्रेटरी पार्किंगच्या विषयावर गेलेले असतील. आमच्याकडे सगळ्यात जोरात विरोध कुणी केला माहितीये, ज्यांनी तपोवनातली झाडं तोडू नका म्हणून आठवडाभर स्टेटस ठेवलं होतं त्यांनी. बिल्डिंगचा लूक जातो म्हणे.

कबुतरांसाठी जाळी पहिल्याच दिवशी मारून घ्या.

आणि हो, आता लाईट गेली तरी आपल्याकडे पंखा चालणार असं सासरी सांगून बसला असाल तर फोन करून माघार घ्या. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं, सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर एवढे महागडे पॅनल, आणि तुम्ही खाली पेपरने वारा घेताय. याचं कारण खरंच योग्य आहे, तुमची वीज तारेत गेली आणि तिकडे खांबावर लाईनमन चढलेला असला तर तो मरेल. त्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे मला कधी कळलं, तर पॅनल लागल्यावर. बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर घेतला तर चालतं म्हणे, त्याचं कोटेशन वेगळं.

आता मुख्य सल्ला, नेट मीटर. याच्यासाठी देवाला नवस बोला. आपल्याकडे काळाराम आहे, कपालेश्वर आहे, जवळच त्र्यंबक आहे, पर्याय भरपूर. नेट मीटर म्हणजे तुम्ही घेतलेली वीज आणि तारेत दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर, बस, एवढंच. ते लागत नाही तोवर सिस्टीम चालू करायची नाही. आमच्या ओळखीतल्या एका काकांना उगाच वाटलं की चालू केलं तर काय होतंय, तर त्यांच्या जुन्या मीटरने बाहेर गेलेली वीज पण वापरलेलीच मोजली, म्हणजे स्वतःची वीज फुकट देऊन वर तिचंच बिल भरलं. तर चालू करायचं नाही, अर्ज करायचा. अर्ज केला की सांगतात तुमच्या डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, जागा आहे का बघावं लागेल. मग कळतं मीटर शिल्लक नाहीत. मग कुणीतरी हळूच सांगतं बाहेरून विकत घ्या, लवकर होईल. बाहेरून घेतलं की ते टेस्टिंगला, टेस्टिंगला रांग, टेस्टिंगहून आलं की ॲग्रीमेंट, ॲग्रीमेंटवर सही करणारे ट्रेनिंगला, आले तर तोवर माझी फाईल दुसऱ्या टेबलाला, दुसऱ्या टेबलावर विचारतात मीटर कुठून घेतलं. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी मेसेज, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. अहो कुणी काढली? कशी काढली? मी गच्चीवर जाऊन बघून आलो, तिथे कबुतरंच होती.

आणि हे सगळं कुठल्या नियमात बसतं ते तरी सांगा. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले, 10 किलोवॅटपर्यंत आधी कसली तांत्रिक तपासणी नको, अर्ज मंजूरच धरायचा, आणि पॅनल लागले की वीज कंपनीने 15 दिवसांत मीटर लावून सिस्टीम सुरू करून द्यायची. 15 दिवसांत. म्हणजे डीपीवर जागा बघायचा प्रश्नच येत नाही. तो नियम मी प्रिंट काढून नेला होता. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

हे फक्त आमच्या गल्लीचं आहे असं वाटत असेल तर तेही नाही. 2022 पर्यंत देशात छतांवर 40 गिगावॅट सोलर होणार होतं, त्याचा पाव भाग पण झाला नाही. त्याची चौकशी झाली का, नाही, नवीन नावाची योजना आली, हीच सूर्यघर, एक कोटी घरं, 75,000 कोटींच्या वर रुपये. 2021 ला ग्लासगोत जाऊन आपण जगाला सांगून आलो, 2030 पर्यंत 500 गिगावॅट कोळशाबिगरची क्षमता, 2070 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषून घेऊ. गंमत म्हणजे पॅनल खरंच लागतायत, 2025 च्या मध्यात देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी कोळशाबिगरची झाली, पेढे वाटण्यासारखीच गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष जी वीज तयार होते तिच्यात चारातले जवळजवळ तीन हिस्से अजून कोळसाच आहे. का? सूर्य संध्याकाळी जातो हे एक, आणि साठवायची पुरेशी सोय नाही हे दुसरं, आणि तिसरं म्हणजे आपल्याला फीत कापायला पॅनलच लागतो, तारेची फीत कुणी कापत नाही. राजस्थानात एवढाले सोलर पार्क उभे केले आणि वीज न्यायला लाईनच तयार नाहीत म्हणून भर दुपारी प्लांटना सांगतात वीज कमी करा. तिकडे लाईन नाही, इकडे मीटर नाही, रोग तोच. मग आमच्या एकलहऱ्याच्या कोळशाच्या वीज केंद्रातले 210 मेगावॅटचे तीन जुने संच कसे बंद होणार, चालूच राहणार, आणि नाशिकरोडची माणसं गच्चीवरच्या राखेची तक्रार पुढची वीस वर्षं करत राहणार.

शेतकऱ्यांना तर मी सल्ला द्यायच्या लायकीचाच नाही. निफाड, सिन्नरकडे रात्रीची लाईट म्हणून रात्री पाणी भरायला जायचं, बॅटरी एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात, कारण उसात बिबट्या. त्यांना सांगितलं मागेल त्याला सौर पंप, 10 टक्के भरा. भरले. मागितलं पण. आता बसलेत वाट बघत. त्यांच्यापुढे माझं मीटर म्हणजे काहीच नाही हे मला कळतं.

नाही, आता सरळच बोलतो.

वीज कंपनीवाल्यांनो, मीटर नसेल तर मीटर नाही असं लेखी द्या. आम्ही थांबू, चिडणार नाही. पण जाहिरातीला पैसे आहेत, होर्डिंगला आहेत, मेसेज पाठवायला आहेत, आणि ज्या एका डब्यावाचून सगळं अडलंय त्याची खरेदी वेळेवर करता येत नाही? किती घरांवर पॅनल लागणार हे तुमच्याच पोर्टलवर दिसतं ना, मग तेवढी मीटरं मागवायला पंचांग लागतं का? माझ्या छतावर तयार होऊ शकणारी वीज सगळा उन्हाळा वाया गेली आणि तेवढा कोळसा तिकडे जळला. हे नुकसान माझ्या एकट्याचं नाही.

आणि तुम्ही वाचताय ते पण ऐका. "काहीतरी देऊन टाका आणि मोकळे व्हा" असं मला आत्तापर्यंत ज्यांनी सांगितलं ते सगळे शिकलेले, चांगल्या पगाराचे, कॉलेज रोडवर सकाळी फिरायला जाणारे लोक आहेत. तुम्ही देता म्हणून आमच्या फाईली खाली जातात. रांग मोडून मीटर लावून घ्यायचं आणि वर आम्हालाच सिस्टीमचं ज्ञान द्यायचं, थोडी तरी लाज वाटू द्या. उशिराबद्दल भरपाई मागता येते, नियमात तरतूद आहे, अर्ज लेखी करा, पोच घ्या, तरी नाही झालं तर तक्रार निवारण मंचाकडे जा. मी सोमवारी जातोय. यायचं असेल त्याने आपलं बिल घेऊन या, समोसे यावेळी मिळणार नाहीत.