सुकलेल्या सिगारला पूर्ण पैसे का मोजायचे?

काचेचं उभं कपाट, आत पिवळा दिवा, शेजारी दिवसभर चालणारा एसी, आणि त्यात मांडून ठेवलेले निकाराग्वाचे हाताने वळलेले सिगार. किंमत पूर्ण, एक रुपया कमी नाही. पेटवायच्या टोकाजवळ दोन बोटांत हलकेच दाबला की भाजलेल्या पापडासारखा कुरकुरतो. हे उघड उघड खराब झालेला माल विकणं आहे, आणि गल्लोगल्ली बिनदिक्कत चाललंय.

सिगार म्हणजे पानं. आत फिलर, त्याला बांधणारा बाइंडर, वरून रॅपर. ही पानं सतत हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर पान लवचिक राहतं आणि सावकाश जळतं. एसीच्या कोरड्या हवेत काही आठवडे पडून राहिलं की तेच पान भसाभस जळतं, धूर गरम आणि कडू येतो, पेटवल्यावर रॅपर उभा तडकतो. पुढे ओलावा देऊन पान मऊ करता येतं, पण उडालेली सुगंधी तेलं परत येत नाहीत. हजार-दीड हजार मोजायचे आणि ओढायचा पाचोळा! विचारलं तर उत्तर तयार: ‘इम्पोर्टेड माल असाच असतो.’ अजिबात नसतो! चांगला सिगार दाबला की किंचित दबतो आणि पुन्हा वर येतो, आवाज करत नाही.

पावसाळ्यात दुसरी थाप. मुंबईच्या हवेत रॅपरवर पांढरी लव येते आणि ती ‘मुरलेल्या मालाची खूण’ म्हणून गळ्यात मारतात. ती बुरशी आहे, दुसरं काही नाही. नुसती वरवर असेल तर कोरड्या कापडाने पुसून निघते. पेटवायच्या टोकात, फिलरमध्ये शिरली असेल तर सिगार टाकून द्यायचा, आणि असा माल विकत तर मुळीच घ्यायचा नाही.

मग लोक वैतागून घरी साठवायला जातात आणि त्यांच्या माथी काचेच्या झाकणाचा स्वस्त लाकडी ह्युमिडोर, म्हणजे सिगारचा ओलावा टिकवायची पेटी, मारला जातो. झाकण नीट बसत नाही, काचेच्या कडेने ओलावा निसटतो, आत एक काळा स्पंज. तो स्पंज फक्त ओलावा सोडतो, जास्तीचा शोषून घेत नाही. म्हणजे पावसाळ्यात आतलं सगळं चिंब, आणि मे महिन्यात नागपूरला दोन दिवसांत कोरडं ठाक. वरचा काट्याचा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, तर बहुतेक वेळा चुकीचाच आकडा दाखवतो. आणि ‘फ्रिजमध्ये ठेवा’ सांगणाऱ्यांना हात जोडून विनंती, नका सांगू. फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हवा कोरडी करतो, वर लसणाच्या चटणीचा वास पानात शिरतो.

जे खरंच चालतं ते किती स्वस्त आहे हे कुणी सांगतच नाही, म्हणून जास्त राग येतो. चारही बाजूंनी क्लिप लागणारा, रबरी कडेचा, हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, स्वयंपाकघरात असतो तोच, पण नवा, मसाल्याचा वास नसलेला. त्यात ओलावा देणारं आणि घेणारं, असं दोन्ही करणारं, आर्द्रता ६५ टक्क्यांवर ठेवणारं पाकीट टाका. साधारण २५ सिगारांना ६० ग्रॅमचं एक पुरतं. पाकिटातलं जेल कडक झालं की बदलायचं. सोबत छोटा डिजिटल हायग्रोमीटर, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा (विरघळू देऊ नका), आणि मीटरसोबत झिपच्या पिशवीत २४ तास बंद ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर मीटर ४ कमी दाखवतो, एवढं डब्यावर लिहून ठेवा.

आपल्याकडची खरी धास्ती उन्हाळ्याची. तापमान २४-२५ अंशांच्या वर गेलं की पानातली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटू शकतात. धान्यात टोके व्हावेत तसा प्रकार. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की समजायचं, आणि एक किडका सिगार अख्खा डबा खातो. म्हणून नवीन माल आधी झिपच्या दुहेरी पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. फ्रिजचा एवढाच काय तो उपयोग. एकदम गोठवला किंवा एकदम बाहेर काढला तर रॅपर फाटतो.

आणि ते ६० रिंगचे जाडजूड सिगार घेण्याचं खूळ सोडा. रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग, ६० रिंग म्हणजे जवळपास एक इंच व्यास. त्याच कारखान्याचा ४२ रिंगचा पेटिट कोरोना, म्हणजे छोटा, बारीक सिगार, कमी पैशांत मिळतो, अर्धा-पाऊण तास चालतो, आणि रॅपरची चव त्यात जास्त लागते. तब्येतीला दोन्ही वाईटच, धूर गिळला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका टळत नाही. म्हणून तर आठवड्याला चार भिकार ओढण्यापेक्षा महिन्याला एक नीट ठेवलेला ओढा. कॅप, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावरचं पानाचं टोपण, दीड-दोन मिलिमीटरच कापा; खांद्याखाली, म्हणजे टोकाची गोलाई संपून सिगार सरळ होतो त्याच्या खाली, गेलात तर रॅपर सुटतो. मिनिटाला एक झुरका पुरे, घाईने ओढलात तर चांगलाही कडू होतो.

दुकानात आधी आर्द्रतेचा आकडा मागा. मीटर दाखवत नसतील, सिगार दाबूनही बघू देत नसतील, तर पाकीट खिशातून काढूच नका.