लॅबमध्ये शॉक देतात म्हणे!

गंगापूर रोडवरच्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘सामाजिक मानसशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट झालात तर शॉक देतात.’ साफ खोटं. गोंधळ बहुधा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅमच्या प्रयोगामुळे. माणूस हुकूम कुठवर पाळतो ते बघायला त्यात सहभागी माणसाला सांगायचे: पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ उत्तर चुकला की बटण दाबून शॉक दे. येल विद्यापीठात १९६१ साली त्याने मांडलेल्या यंत्रावर १५ ते ४५० व्होल्टची बटणं होती खरी, पण पलीकडच्या खोलीतल्या ‘विद्यार्थ्या’ला शॉक बसतच नव्हते, ते सगळं नाटक.

शिवाय असिस्टंट म्हणजे प्रयोगातला सहभागी नव्हे. त्याचं काम भलतंच कंटाळवाणं (मी केलंय): संमतीपत्रावर सही झाली का बघा, प्रश्नावल्यांना क्रमांक द्या, उत्तरं एक्सेलमध्ये भरा. मुलाखत उतरवताना समोरच्याचं ‘अं... म्हणजे’सुद्धा लिहायचं. मानधन असेलच असं नाही, ते आधी विचारून घ्या.