खुलासा : जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ताकद नव्हे

‘जुन्या क्लासिक गाडीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाका, ताकद वाढते, इंजिन साफ होतं’ हा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे ढकलला होता, चूक माझीच.

ऑक्टेन म्हणजे दाबाखाली इंधन आपोआप न पेटण्याची क्षमता, बस्स. ७:१ किंवा ८:१ इतक्या कमी कॉम्प्रेशनच्या (म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण सात-आठ पटच दाबणाऱ्या) जुन्या इंजिनाला त्यातून जादा काही मिळत नाही. साफसफाई करतात ती डिटर्जंट ॲडिटिव्ह, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेली मळ काढणारी रसायनं. मॅन्युअलमधला ऑक्टेनचा आकडा पाहा आणि तेवढ्याच ऑक्टेनचं पेट्रोल भरा.

खरी काळजी पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलची, म्हणजे एक प्रकारच्या अल्कोहोलची. माझ्या कार्बोरेटरचा जुना रबरी पाइप चिमटीत धरला, तर बोटं काळी, चिकट झाली! इथेनॉल असं रबर खराब करतं, शिवाय पाणी ओढून घेतं. पाइप आणि गॅस्केट इथेनॉल सोसणारेच बसवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.