तिप्पट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा भाव गेल्या रविवारी, सकाळी दहा ते सव्वादहाच्या दरम्यान, तिप्पट झाला. वाडा होता तिथेच होता, जिन्याची चौथी पायरी नेहमीसारखीच कुरकुरत होती. फक्त तात्यांच्या हाती एका दलालाचं रंगीत पत्रक लागलं होतं.

"बघ," तात्या म्हणाले, "2022 चा खांब केवढा, आणि 2024 चा केवढा!"

मी शाळेत गणित शिकवायचो, हे घरचे एरवी विसरलेले असतात. त्या दिवशी मलाही विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी नातीच्या कंपासपेटीतून पट्टी काढली. पहिला खांब दोन सेंटिमीटर, दुसरा सहा. मग चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाला लावून कडेचे मुंगीएवढे आकडे वाचले. खाली शून्य नव्हतंच, अक्ष सुरू होत होता 4,000 पासून! पहिला खांब 4,200 रुपये फूट, दुसरा 4,600. म्हणजे वाढ साडेनऊ टक्के, तीही दोन वर्षांची मिळून.

"तात्या, यांनी खांबांचे पाय कापलेत."

"पाय कापले असते तर बुटके दिसले असते. हे तर उंच दिसतायत!"

"शिवाय ही अख्ख्या बडोद्याची सरासरी आहे. यंदा भायलीकडचे महागडे फ्लॅट जास्त खपले, की सरासरी आपोआप चढते. आपल्या वाड्याची वीट न् वीट तेवढ्याच किमतीची राहते. उद्या कुणी लक्ष्मी विलास पॅलेस हिशेबात धरला, तर दांडिया बाजारात आपण सगळेच गायकवाड! त्यापेक्षा सगळे सौदे चढत्या ओळीत लावायचे आणि मधोमधचा बघायचा."

"मधोमधचा कशाला? आपला वाडा काय मधोमधचा आहे?" काकूंनी आतून विचारलं. त्यांचा कांदा चिरून झाला होता.

चुलतभाऊ मुकुंदा रजिस्ट्रार कचेरीत खेटे घालून आलेला. त्याच्या वहीत पलीकडच्या गल्लीतल्या दस्तांच्या रकमा होत्या. 2023 नंतर रेघ ताडकन वर! तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू रेघ मीच दाबून ठेवली होती. आता 2011 पासून न हललेली जंत्री, म्हणजे जागेचा सरकारी दर, सरकारने 15 एप्रिल 2023 ला जमिनीपुरती थेट दुप्पट केली. दस्तावर जंत्रीपुरतीच रक्कम लिहिणाऱ्यांचे आकडे त्या दिवशी उडी मारणारच. घेणाऱ्याने खिशातून किती काढले, ते त्या रेघेला काय माहीत?

"आणि शेजारच्यांचं काय?" मुकुंदा हटेना. "1996 मध्ये 3 लाखांना घेतलं, 2024 मध्ये 45 लाखांना विकलं. पंधरापट!"

"अठ्ठावीस वर्षांत पंधरापट म्हणजे वर्षाला दहा टक्के," मी कॅल्क्युलेटर मिटत, जरा जास्तच तोऱ्यात म्हणालो. "तेव्हा पीपीएफ बारा टक्के देत होतं."

"आणि आता किती देतं?"

7.1. बारा टक्क्यांची चैन 2000 च्या जानेवारीतच संपली होती. शिवाय ते शेजारी अठ्ठावीस वर्षं त्या घरात फुकट राहिले होते. पीपीएफच्या पासबुकात कुणाला राहता येत नाही. सोयीचं साल पकडून मीही खांबाचे पायच कापले होते. मी पट्टी कंपासपेटीत ठेवली.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. रावपुऱ्यातले व्यापारी, सभ्य माणूस. कुरकुरती पायरी त्यांनी दोनदा दाबून पाहिली, छताची ओल पाहिली आणि आकडा सांगितला. तात्यांनी तलवार उपसावी तसं पत्रक उपसलं. व्यापाऱ्यांनी ते शांतपणे, दोन्ही बाजूंनी बघितलं.

"काका, तो पछी ग्राफने ज वेची दो ने!" म्हणजे, मग ग्राफच विकून टाका ना!

ते गेल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. काकू भज्यांचं ताट घेऊन आल्या, खाली घालायला कागद मिळेना म्हणून त्यांनी पत्रकच ओढलं. तेलाचा डाग खांबांवरून हळूहळू खाली उतरला, 4,000 ची रेघ ओलांडून पार कागदाच्या काठापर्यंत, जिथे शून्य असायला हवं होतं.