घरचा लसूण

लसूण चारशे रुपये किलो झाला त्या दिवशी मी तो घरीच लावायचं ठरवलं. २०२४ ची दिवाळी तोंडावर होती. त्याच वर्षी आमच्या इंदूरच्या खंडपीठाने लसूण ही भाजी की मसाला, या जुन्या भांडणाचा निकाल लावला होता: दोन्ही बाजारांत विका. ज्याच्यासाठी हायकोर्ट बसतं ते आपल्या अंगणात असलंच पाहिजे, असं मला वाटलं. बायकोला काय वाटतं ते विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं.

लोकमान्य नगरात आमच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. चोइथराम मंडीतून पाव किलो ऊटी लसूण आणला, शंभर रुपये मोजले. पाकळ्या सुट्या केल्या आणि टोक वर ठेवून चार-चार बोटांवर लावल्या. मोजून ६३. लावणीबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, लसूण आपला आपण उगवतो. फक्त थंडीत पात अशी काही हिरवीगार फुटली की आई रोज सकाळी 'चार काड्या' खुडून न्यायला लागली. पातीची चटणी, पातीचं थालीपीठ, पात घालून पिठलं. पात कापली की गड्डा लहान राहतो, पानंच त्याला पोसतात, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "तुला पोसलंय मी. मला नको शिकवू."

काढणीच्या पंधरा दिवस आधी पाणी तोडायचं आणि शेंडे पिवळे पडून पातीने मान टाकली की उपटायचं, असा नियम आहे. हा नियम करणाऱ्याने माळव्याची काळी माती पाहिलेली नसावी. पाणी तोडलं की ही माती आधी भेगाळते आणि मग दगड होते. पहिल्या रोपाची मान धरून ओढलं, तर मान हातात आणि धड जमिनीत. दुसऱ्याचं तेच. खुरपं आणलं, तर त्याने नेमका गड्डाच चिरला. शेवटी शेजारून पहार मागून आणली. कुंपणापलीकडे पापड वाळत घालणाऱ्या जैन काकी थांबून म्हणाल्या, "भाई साहब, बोरिंग करवा रहे हो क्या?"

५१ गड्डे धड निघाले. सात खुरप्याने गेले आणि पाच एककळी निघाले. एककळी लसूण औषधी असतो असं जाहीर करून ते पाच आईने आपल्या डब्यात टाकले. ते पुन्हा कुणी पाहिलेले नाहीत.

खरा वनवास पुढे होता. लसूण धुवायचा नाही, नुसती माती झटकायची. उन्हात ठेवायचा नाही, तो भाजून निघतो. सावलीत, वाऱ्यावर, पातीसकट आठ-दहा दिवस वाळवायचा, म्हणजे मान आणि वरची सालं कागदासारखी होतात आणि आत ओल शिरत नाही. सावली आणि वारा एकत्र नांदतात अशी आमच्या घरात एकच जागा, रस्त्याकडची गॅलरी. मी लसूण उपटला होळीच्या आदल्या दिवशी. म्हणजे तो ऐन वाळत असताना रंगपंचमी.

इंदूरबाहेरच्यांना हे संकट कळायचं नाही. आमच्याकडे होळी ही रंगीत तालीम असते, खरा प्रयोग पंचमीला. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, टँकरमधून रंगाचं पाणी उडतं, गुलाल चार-चार मजले वर जातो. दुपारी गल्लीतली पोरं तिकडून परतली ती उरलेला रंग संपवायच्या जिद्दीने. मी गॅलरीत हात पसरून उभा राहिलो.

"भिया, हट जाओ!"

"नहीं हटूँगा! लस्सन सूख रहा है!"

हे वाक्य गल्लीने अजून सोडलेलं नाही. भाजीवालासुद्धा "सूख गया क्या?" असं विचारूनच तराजू उचलतो. असो. मी हिरवा झालो, अकरा गड्डे गुलाबी झाले, बाकीचे वाचले. जैन काकींनी मात्र दहा दिवस त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवल्या आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आपल्याकडच्या लसणाची मान मऊ असते, त्यामुळे पातीची वेणी घालता येते. मुलीचा बॉबकट, बायकोला वेळ नाही. आईने घातली, तीन पेडांची, लांबलचक. आता ती टांगायची कुठे? स्वयंपाकघरात वाफ. देवघराजवळ आई उभी करेना. धाकटा भाऊ म्हणाला, फ्रिजमध्ये ठेव. पण गारव्याने लसणाला कोंब फुटतात, त्याला वाटतं हिवाळा आला. अखेर ती हॉलमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी लागली. पुण्याच्या आत्याला वाटलं, फोटोचा हार घसरलाय.

वाळून वजन भरलं ९०० ग्रॅम. तोवर मंडीत लसूण ऐंशी रुपये किलो झाला होता. शंभराचं बियाणं, बहात्तरचं पीक. हा हिशेब बायकोने गॅसच्या पावतीमागे मांडून फ्रिजवर चिकटवला.

म्हणूनच मी फर्मान काढलं की या लसणाला कुणी हात लावायचा नाही. आषाढी एकादशीपासून चार महिने आई कांदा-लसूण खात नाही. त्याच्या दोन दिवस आधी कांदेनवमी, त्या दिवशी वेणी उतरवायची. तोवर बाजारचा लसूण. एप्रिल गेला, मे गेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी वेणी दाखवायचो. बायको तिच्याखालीच बसून नव्या साडीला फॉल लावत असायची, हूं की चूं करायची नाही. जेवताना मात्र मला राहवायचं नाही. "काय हा बाजारचा लसूण! आमटीला वासच नाही." आई खाली बघून भात कालवायची.

कांदेनवमीला मी स्वतः वेणीच्या टोकाचे दोन गड्डे तोडून दिले. कांदाभजी, भरीत आणि घरच्या लसणाचा ठेचा. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. "याला म्हणतात लसूण! बाजारच्याला येतो का असा ठसका?" मुलीला एकदम पाणी आणायची आठवण झाली.

आणखी ठेचा हवा म्हणून मीच उठलो. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हाताने वेणी धरली. गड्डा तुटेना. नीट पाहिलं. गड्ड्याला मानच नव्हती, मंडीत छाटतात तशी छाटलेली. वाळक्या पातीला तो बांधला होता जांभळ्या रेशमी दोऱ्याने. त्याच्या वरचाही तसाच. त्याच्याही वरचा. अस्सल माना वर आजोबांच्या खांद्यापाशी उरल्या होत्या, नऊ. म्हणजे एप्रिलपासून आमटीतल्या ज्या लसणाला मी नावं ठेवत होतो, तो...

मी परत पाटावर येऊन बसलो. बायको नव्या जांभळ्या साडीत वाढत होती.

"अहो, ठेचा घ्या ना अजून," ती म्हणाली. "घरचा आहे."